कुत्र्याचा विमा: हप्ता भरण्याआधी मांडायचा हिशेब

पिल्लू आणायला पेट शॉपमध्ये गेलं की पट्टा, खाद्याची पिशवी आणि लसीचं कार्ड यांच्या जोडीला हल्ली विम्याचाही विषय निघतो. मोबाईलवर एकदा 'लॅब्रेडॉर' शोधलं की पुढे आठवडाभर 'तुमच्या लाडक्यासाठी कवच' छापाच्या जाहिराती पिच्छा सोडत नाहीत. कॉलेजात जाणारी पोरं म्हणतात, काढून टाकू. ओसरीवर बसलेले आजोबा म्हणतात, "माणसाचा इमा टायमावर भेटंना, अन् तुम्ही कुत्र्याचा काढायलाव?"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण एक प्रश्न दोघंही विचारत नाहीत: आपल्या गावात, आपल्या डॉक्टरकडे, कुत्र्याच्या आजारपणाचं बिल होतं किती आणि हातात पडतं कसं? विमा कंपनी कुत्रा बरा करत नाही, ती बिल भरते. जाहिरातीतलं बिल पुण्या-मुंबईचं असतं. लातूर, परभणी, बीड, हिंगोलीतला हिशेब निराळा निघतो.

## आधी विमा कोणता, ते बघा

कुत्र्याचा विमा या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

एक जुनी. न्यू इंडिया ॲश्युरन्ससारख्या सरकारी कंपन्यांकडे कुत्र्याचा विमा फार पूर्वीपासून आहे. त्याची घडण गाई-म्हशीच्या विम्यासारखी. कुत्र्याची किंमत ठरवायची, तेवढ्या रकमेचा विमा काढायचा, आणि तो आजारानं किंवा अपघातानं दगावला तर पैसे मिळतात. दवाखान्याचा खर्च हा त्याचा मूळ विषयच नाही.

दुसरी नवी. 2020 च्या ऑगस्टमध्ये बजाज अलायन्झनं पाळीव कुत्र्यांसाठी पॉलिसी आणली. फ्युचर जनराली, एचडीएफसी अर्गो अशा इतर खासगी कंपन्यांनीही असे विमे काढले. यात मुख्य भाग ऑपरेशनचा आणि दवाखान्यात ठेवण्याच्या खर्चाचा. त्याला जोडून मृत्यू, चोरी किंवा हरवणं, किरकोळ तपासणी आणि औषधं, कुत्र्यानं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई, असे भाग घेता येतात. कोणता भाग सक्तीचा आणि कोणता जादा पैसे भरून घ्यायचा, हे कंपनीगणिक बदलतं.

त्यामुळे "आमच्या टॉमीचा विमा आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. मृत्यूचा विमा घेतलेला माणूस मोडलेल्या पायाचं बिल घेऊन गेला तर रिकाम्या हातानंच परत येणार.

सरकारी मदतीचं विचाराल तर राष्ट्रीय पशुधन अभियानात जनावरांच्या विमा हप्त्याला अनुदान आहे. त्या यादीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी आहे, डुक्कर आहे, ससासुद्धा आहे. रात्रभर आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, राखणारा कुत्रा मात्र नाही. आयकरात आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जी सवलत असते (लोक तिला 80डी म्हणतात), तिच्यातही कुत्र्याचा हप्ता बसत नाही. ती सवलत स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या आणि आई-वडिलांच्या आरोग्य विम्यापुरती आहे. कुत्रा लेकरासारखा असला तरी आयकर खात्याला ते मान्य नाही.

## पीकविमा आठवा

मराठवाड्यात विमा कसा चालतो हे नव्यानं शिकवावं लागत नाही, पीकविम्यानं ते शिकवून ठेवलंय. हजार जण हप्ता भरतात, आणि त्यातल्या ज्यांचं पीक गेलं त्यांना त्या गोळा झालेल्या पैशातून भरपाई मिळते. विमा रक्कम म्हणजे जास्तीत जास्त किती मिळू शकेल ती मर्यादा. तेवढे मिळतीलच असं नाही. 2025 च्या खरिपाआधी रीत अशी होती: नुकसान झालं की 72 तासांत कळवायचं, पाहणी होऊ द्यायची, कागद जपायचे. कुत्र्याच्या विम्याचा सांगाडा असाच आहे, फक्त कळवण्याची मुदत प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते.

फरक एकाच ठिकाणी आहे, पण तो मोठा आहे. 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं राज्यात पीकविमा एका रुपयात होता. 2025 च्या खरिपापासून सोयाबीनवाल्याला विमा रकमेच्या 2 टक्के भरावे लागतात. आधी काय आणि आता काय, हप्त्याचा उरलेला भाग सरकार भरतं. कुत्र्याच्या विम्यात तसं मागे कुणी उभं नाही. भरपाईची रक्कम, एजंटचं कमिशन, कंपनीचा खर्च आणि नफा, सगळं कुत्रेवाल्यांच्याच हप्त्यातून निघतं. म्हणून सगळ्यांची सरासरी काढली तर लोक जेवढं भरतात त्यापेक्षा त्यांना कमीच परत मिळणार. यात कपट नाही, हा व्यवहारच तसा आहे. "भरलेला हप्ता वसूल झाला पाहिजे" असं मनात असेल त्यानं कुत्र्याच्या विम्याच्या वाटेला जाऊ नये. एका झटक्यात अंगावर येणारा आणि आपल्या खिशाला न झेपणारा खर्च, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग आहे.

आणखी दोन शब्द माहीत हवेत. प्रतीक्षा काळ, म्हणजे एजंट ज्याला वेटिंग पिरियड म्हणतो तो: पॉलिसी सुरू झाली तरी पहिले काही दिवस आजारपणाचा दावा चालत नाही. आज कुत्रा ओकतोय म्हणून उद्या विमा काढणाऱ्यांपासून वाचण्यासाठी कंपनीनं ती सोय करून ठेवलेली असते. दुसरा शब्द स्वतःचा वाटा, को-पे किंवा डिडक्टिबल: प्रत्येक बिलातली काही रक्कम तुम्हीच सोसायची. समजा बिल 30,000 चं झालं, विमा रक्कम 40,000 आहे आणि वाटा 20 टक्के आहे. हातात येतील 24,000. त्याच पॉलिसीत ऑपरेशनला 20,000 ची वेगळी मर्यादा टाकलेली असेल, तर तेवढेही नाहीत. हे आकडे नुसते समजण्यासाठी घेतलेत, पण पॉलिसीच्या कागदात हीच दोन वाक्यं आधी शोधा. विमा रक्कम पहिल्या पानावर ठळक असते, मर्यादा आत कुठंतरी बारीक अक्षरात असते.

## "हे यात बसत नाही"

कुत्र्याच्या रोजच्या खर्चातला बराचसा भाग विम्याच्या बाहेर राहतो. लस, जंताचं औषध, दात साफ करणं, आंघोळ आणि केस कापणं, नसबंदी, गाभण कुत्रीची देखभाल, हे सहसा मूळ पॉलिसीत धरत नाहीत. विमा घेण्याआधीपासून असलेला आजार चालत नाही. ज्या रोगावर लस आहे, ती वेळेवर टोचलेली नाही आणि कुत्र्याला तोच रोग झाला, तर दावा फेटाळला जातो. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन रोग इथे येतात, आणि पिलं सगळ्यात जास्त दगावतात ती यांनीच. म्हणजे लसीचं कार्ड हाच विम्याचा पहिला कागद. त्यावर तारीख, डॉक्टरची सही आणि लसीच्या बाटलीचं स्टिकर हवं.

जर्मन शेफर्ड आणि लॅब्रेडॉर यांच्यात वाढीच्या वयात खुब्याचा सांधा सैल पडण्याचा दोष आढळतो. पगला चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास असतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की त्याचे हाल बघवत नाहीत. असे वंशानं येणारे दोष पॉलिसीत आहेत की वगळलेत, हे जात बघून विचारायला हवं. विकणारा आपण होऊन ते सांगणार नाही.

आपल्या भागासाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो गोचीड ताप. तपकिरी गोचीड चावल्यानं कुत्र्याच्या रक्तात जंतू शिरतात. कुत्रा खाणं सोडतो, ताप चढतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्त तपासून औषध सुरू केलं तर बहुतेक कुत्री वाचतात, पण औषध तीन-चार आठवडे नेटानं द्यावं लागतं. अडचण अशी की अंगणात, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत गोचिडी राहिल्या की पुढच्या मोसमात ताप पुन्हा. मग दुसऱ्या वेळचा आजार नवा धरणार की जुना? कुत्र्याला भरती न करता घरीच औषध दिलं तर ते बिल चालणार का? विमा विकायला आलेल्या माणसाला हे दोन प्रश्न विचारून बघा. त्याचं उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा.

शेतात राहणाऱ्या कुत्र्याला तिसरा प्रश्न: साप चावला तर तो अपघात की आजार? घोणस किंवा नाग चावल्यावर माणसांना देतात तीच प्रतिविषाची इंजेक्शनं कुत्र्यालाही लागतात, आणि ती एकाच बाटलीत भागत नाहीत. अपघात धरला तर सहसा थांबावं लागत नाही; आजार धरला तर प्रतीक्षा काळ आडवा येऊ शकतो.

## खरी गोम पावतीत

सिल्लोडकडच्या एका ओळखीच्या घरातली गोष्ट सांगतो. तिकडे मका भरपूर. त्यांच्या लॅब्रेडॉरनं दाणे काढून टाकलेलं मक्याचं कणीस गिळलं आणि ते आतड्यात अडकलं. कुत्र्यांमध्ये हे नेहमी होतं, पावसाळ्याच्या तोंडाला आंब्याच्या कोयीनंही होतं. दोन दिवस ओकाऱ्या. गावातल्या माणसानं इंजेक्शनं दिली, रोख पैसे घेतले, कागद काही नाही. मग तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढायला नेलं. कुत्र्याचं वेगळं सेंटर नाही म्हणून ओळखीनं, माणसांच्या एक्स-रे सेंटरमध्ये, रात्री गर्दी सरल्यावर. अखेर शहरात नेऊन ऑपरेशन केलं. कुत्रा वाचला.

त्यांचा विमा होता. कंपनीकडे गेले ते कागद असे: एक्स-रेवर नाव मालकाच्या आडनावाचं, वय चार वर्षं, लिंग पुरुष. म्हणजे कागदोपत्री पोट फुगलं होतं ते घरातल्या लेकराचं. मेडिकलच्या बिलांवर मालकाचं नाव, कुत्र्याचं कुठंच नाही. ऑपरेशनच्या पावतीवर एकच ओळ, 'डॉग ऑपरेशन', आणि खाली एकूण रक्कम. डॉक्टर नोंदणीकृत होते, पण नोंदणी क्रमांक छापलेला नव्हता. आधीच्या दोन दिवसांचा काही पुरावाच नाही. कंपनीनं एकेक खुलासा मागवला, डॉक्टरांनी नवं पत्र दिलं, दोन-तीन महिने फेऱ्या झाल्या आणि ऑपरेशनचे तेवढे पैसे आले. बाकीचं गेलं.

यात कंपनीला सरसकट दोष द्यावा असं मला वाटत नाही. पोट फुगलेल्या चार वर्षांच्या पुरुषाचा एक्स-रे बघून कुत्र्याचे पैसे कोण देईल? पण आपल्याकडची पद्धत हीच आहे. गावात औषधपाणी बहुतेक वेळा पशुधन पर्यवेक्षक किंवा खासगी काम करणारे पदविकाधारक करतात. माणसं अनुभवी असतात, रात्री-अपरात्री मोटारसायकलवर येतात. पण विमा कंपनीला बिल लागतं ते पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या पदवीधर डॉक्टरचं. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करायला ती नोंदणी लागते.

म्हणून हप्ता भरण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारावं: "साहेब, नोंदणी क्रमांकासह, कुत्र्याचं नाव घालून, औषधं वेगवेगळी लिहून पावती द्याल का?" बरेच जण देतात, कुणी मागत नाही म्हणून देत नाहीत इतकंच. उत्तर टाळाटाळीचं आलं, तर त्या घरासाठी विमा हा प्रश्न तिथेच संपला.

ओळखीचाही कागद लागतो. गाईच्या कानात 12 आकडी बिल्ला असतो, तसं कुत्र्यासाठी मायक्रोचिप असते: तांदळाच्या दाण्याएवढी, मानेच्या मागे दोन खांद्यांच्या मधे सुईनं टोचतात, यंत्र फिरवलं की 15 आकडी क्रमांक दिसतो. काही कंपन्या चिप असेल तर हप्त्यात थोडी सूट देतात. चिप नसेल तर चारही बाजूंनी काढलेले, तारखेचे फोटो ठेवा. एका काळ्या लॅब्रेडॉरचा फोटो दुसऱ्या काळ्या लॅब्रेडॉरसारखाच दिसतो, हे कंपनीलाही माहीत आहे.

## एवढं मोठं बिल होणार कुठे?

माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर.

मोठं बिल व्हायला मोठा दवाखाना लागतो. हाडात पट्टी बसवणं, गाठीवर केमोथेरपी, आठ-दहा दिवस भरती ठेवून सलाईन, दिवसाआड रक्ताच्या तपासण्या, असल्या सोयी खासगीत बघायच्या तर लातूरचा माणूस पुण्याकडे बघतो आणि नांदेडचा हैदराबादकडे. लातूर ते पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. गाडीभाडं, तिथे मुक्काम, दोन माणसांची रजा, यातलं काहीच बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत.

दुसरा रस्ता आपल्याच भागात आहे. परभणी आणि उदगीर इथे नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांचे दवाखाने आहेत. शस्त्रक्रिया विभाग, शिकवणारे प्राध्यापक, हाताखाली विद्यार्थी. फी खासगीच्या मानानं किरकोळ, आणि कागद सरकारी, म्हणजे चोख. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयं आहेत ती वेगळीच. रांगेत बसावं लागतं, रविवारी-सुट्टीला पंचाईत होते, ते खरं. पण परभणीच्या माणसानं कुत्र्याच्या पायाचं ऑपरेशन कॉलेजच्या दवाखान्यात करून घेतलं, तर बिल कदाचित एका वर्षाच्या हप्त्याच्या आसपासच राहील. मग विमा कशाचा?

स्वतःला एकदा स्वच्छ विचारावं. कुत्र्याला पन्नास-साठ हजारांचा आजार निघाला आणि विमा असला, तर आपण त्याला गाडीत घालून पुण्याला नेऊ का? संभाजीनगरात राहणारं, पुण्याला नेहमी येणं-जाणं असलेलं, तिथे मुलगी नोकरीला असलेलं घर 'हो' म्हणेल आणि खरंच नेईल. जिंतूरच्या आखाड्यावरचा माणूस कुत्र्यावर तेवढीच माया करतो, पण सोयाबीनची मळणी तोंडावर असताना तो पुण्याला जाणार नाही. जो खर्च आपण करणारच नाही, त्याचा विमा काढून उपयोग काय? यात प्रेम कमी-जास्त असण्याचा संबंध नाही, विकणारा मात्र तो जोडून दाखवतो.

## "त्यापेक्षा दर महिन्याला बाजूला टाकू"

हे म्हणणं बिनचूक आहे, अर्धं. समजा हप्ता वर्षाला 5,000 आहे. तेवढेच पैसे पोस्टात किंवा पतसंस्थेत आवर्ती ठेवीत टाकले तर दहा वर्षांत 50,000 आणि वर व्याज. कुत्रा धडधाकट राहिला तर पैसे आपलेच. लस, गोचिडीचं औषध, मायक्रोचिप, सगळ्याला वापरता येतात, कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. शिवाय विम्याचा हप्ता कुत्र्याच्या वयाबरोबर वाढू शकतो, ठेवीचा हप्ता तसा वाढत नाही.

उरलेलं अर्धं असं, की गाडी कुत्र्याला सातव्या महिन्यात धडकली तर ठेवीत तोवर तीन हजारही नसतात. विमा पहिल्या वर्षीही पूर्ण रकमेचा असतो. त्यात पिल्लाचं पहिलं दीड-दोन वर्षांचं वय भलतंच खोडकर. रस्त्यावर धावणं, वाट्टेल ते गिळणं, गच्चीवरून उडी मारणं, सगळं त्याच वयात. ज्यांच्याकडे अचानक तीस हजार काढायची सोय नाही आणि शहरात खासगी दवाखाना जवळ आहे, त्यांनी सुरुवातीची दोन-तीन वर्षं विमा आणि सोबत ठेव, मग ठेव वाढली की विमा सोडणं, हा मार्ग मला पटतो. पण सोडताना हे माहीत असू द्या की त्या मधल्या काळात झालेला आजार पुढे नवीन पॉलिसीत 'जुना' धरला जाईल.

आणि ठेव मोडून लग्नाच्या आहेरात घालायची नाही. ही अट विम्याच्या सगळ्या अटींपेक्षा पाळायला अवघड.

## चावला तर?

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिले आणि कुत्रा चावण्याचा विषय घराघरात, सोसायट्यांच्या बैठकांत तापला. त्या आदेशांचा रोख भटक्या कुत्र्यांवर होता. पट्ट्यातल्या कुत्र्याची जबाबदारी आधीपासूनच मालकाची आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगतं की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हा दंड कुठलीही विमा कंपनी भरत नाही. पण ज्याला चावला त्यानं दवाखान्याचा खर्च आणि नुकसानभरपाई मागितली, तर ती थर्ड पार्टी कव्हरमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या भागात, बसू शकते. मला विचाराल तर आपल्या भागात सगळ्यात उपयोगाचा भाग हाच, आणि जाहिरातीत तो सगळ्यात खाली असतो. दवाखान्याचं बिल किती होईल याचा अंदाज तरी करता येतो. दारातून पळत जाऊन मोटारसायकलसमोर आलेल्या कुत्र्यामुळे कुणाचा पाय मोडला, तर आकडा आपल्या हातात नसतो. अपार्टमेंटमध्ये रॉटवायलर किंवा जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यानं इतर काही घेतलं नाही तरी हा भाग वेगळा मिळतो का ते विचारावं. सोबत हेही विचारावं की भरपाई कुणाकुणाला लागू नाही. घरची माणसं आणि पगारी नोकर सहसा त्यात धरत नाहीत. मग आखाड्यावरच्या सालगड्याला चावला तर काय, हे आधीच लेखी विचारून ठेवलेलं बरं.

## "आमचं तर गावठी आहे"

काही पॉलिसींमध्ये गावठी आणि मिश्र जातीची कुत्रीही चालतात, त्यामुळे जात हा अडथळा नाही. अडथळा किमतीचा आहे. मृत्यूचा किंवा चोरीचा विमा कुत्र्याच्या बाजारभावावर उभा असतो, आणि रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याचा बाजारभाव शून्य. त्याच्यासाठी घ्यायचाच तर उपचाराचा आणि थर्ड पार्टीचा भाग घ्यावा, मृत्यूच्या भागासाठी पैसे घालवू नयेत.

कारवानी या देशी शिकारी जातीची गोष्ट वेगळी. लातूर जिल्ह्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं, आणि केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंदणी करतो. चांगल्या कारवानीला, लांब केसाच्या पश्मीला मोल आहे, म्हणून चोरीचीही भीती आहे. इथे मायक्रोचिप, नोंदणीचे कागद आणि चोरीचं कव्हर या तिन्हींना अर्थ आहे. चोरीच्या दाव्याला पोलिसांकडची तक्रार लागते, ती त्याच दिवशी करावी. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कारवानी सशामागे सोडायची जुनी सवय काही गावांत अजून आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार गुन्हा आहे, आणि शिकारीत, शर्यतीत किंवा झुंजीत जखमी झालेल्या कुत्र्याचा दावा पॉलिसीत बसत नाही. डॉक्टर जखमेचं कारण लिहितात, आणि कंपनी ते वाचते.

## "कंपन्या पैसे देतच नाहीत"

सगळ्याच दाव्यांना तोंडाला पानं पुसतात असं नाही, पण खोडा घातला जातो, हे कुणीही मान्य करेल. उपाय पायरीपायरीनं आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, तिची पोच जपायची. सोबत विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर नोंद करता येते. कंपनीनं तक्रार फेटाळली, किंवा 30 दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात. कुत्र्याचा वाद त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं.

लोकपालही शेवटी कागदच बघतात. त्यामुळे सिल्लोडच्या एक्स-रेवर पहिल्याच दिवशी 'श्वान, नाव अमुक, मालक तमुक' असं लिहून घेतलं असतं, तर अर्धं भांडण तिथेच मिटलं असतं. एक्स-रे काढणाऱ्याला ते विचित्र वाटेल. वाटू द्या.

## वय निघून जाण्याआधी

विमा कंपन्या कुत्र्याला आत घेताना वय बघतात. अगदी लहान पिल्लू नको, म्हातारं कुत्रंही नको. मोठ्या अंगाच्या जातींना, म्हणजे ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड वगैरेंना, वरची मर्यादा आणखी लवकर लागते, कारण त्यांचं आयुष्यच कमी. त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" असं म्हणत सात-आठ वर्षं गेली की निर्णय आपल्या हातात राहत नाही. विचार करायचा तो पिल्लू लसीकरण संपवतं, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात.

संभाजीनगरात, लातूर-नांदेडच्या शहरी भागात, खासगी दवाखान्यात जाणाऱ्या, महागड्या जातीचं तरुण कुत्रं असलेल्या घरानं उपचार आणि थर्ड पार्टी मिळून विमा घ्यावा, असं माझं मत. तालुक्याला किंवा आखाड्यावर, कॉलेजच्या दवाखान्याच्या टप्प्यात राहणाऱ्यानं आवर्ती ठेव काढावी आणि थर्ड पार्टी वेगळी मिळाली तर तेवढीच घ्यावी. आणि ज्यांचा लॅब्रेडॉर आताच आठ वर्षांचा आहे, त्यांनी विम्याच्या जाहिराती बंद करून त्याच पैशातून दर दिवाळीनंतर एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. म्हातारपणी किडनी आणि यकृत आधी तक्रार करतात, आणि त्या तपासणीला परभणी-उदगीरला सकाळी लवकर जाऊन नंबर लावावा.